मंदीत नाण्यांचं टेबल लावताना

प्रदर्शनात पहिलं टेबल लावायच्या तयारीत असलेली सोलापुरातली दोन-तीन पोरं हल्ली भेटली की विचारतात, "बाजार थंड आहे, आता उतरू का?" उतरा. फक्त मंदीत सगळीच नाणी स्वस्त मिळतात, एवढं डोक्यातून काढून उतरा.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचो आणि सुट्टीच्या दिवशी नाणी विकायचो. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, पगार अर्ध्यावर आला, प्रदर्शनं तर बंदच होती. त्या मार्चमध्ये चांदी किलोला ४० हजारांच्या खाली गेली आणि ऑगस्टमध्ये ७० हजारांच्या वर पोचली. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे निव्वळ चांदी पावणेअकरा ग्रॅमला थोडी कमी. मार्चमध्ये तिचे सव्वाचारशेही होत नव्हते, ऑगस्टमध्ये साडेसातशेच्या पुढे गेले. शौकिनाच्या खिशात पैसा नाही आणि नाणं मात्र महागलेलं. झिजलेल्या रुपयावर छंदापोटी मिळणारे वरचे शे-दोनशे त्या काळात जवळजवळ संपले. मोडीचा भाव तोच नाण्याचा भाव झाला.

मार खाल्ला तो मधल्या मालाने. दुर्मिळही नाही आणि चांदीचंही नाही, असं पाचशे ते दोन हजारांचं नाणं अल्बममधली जागा भरायला घेतात, आणि घरखर्च आवळायची वेळ आली की माणूस पहिली हीच खरेदी थांबवतो. खरा उत्तम माल तर टेबलावर येतच नाही. ज्याच्याकडे तो असतो त्याला विकायची घाई नसते. तो कपाटात ठेवतो आणि चांगल्या दिवसांची वाट बघतो. नवख्याला वाटतं, मंदीत दुर्मिळ नाणं पडत्या भावात मिळेल. मला तरी क्वचितच मिळालं.

घरातली नाणी मात्र बाहेर येतात. सोलापूरच्या पूर्व भागातले एक मामा, यंत्रमागावर काम करणारे, रुमालात चौदा रुपये बांधून आले. "बघा की मालक, सगळे चांदीचेच हायेत. पोरीची फी भरायचीय." मी एकेक काट्यावर ठेवला. वजन सगळ्यांचं सारखं, पण पाच रुपये १९४० नंतरचे निघाले. सहाव्या जॉर्जच्या त्या रुपयांत चांदी निम्मीच असते. मामांनी चौदाही एकाच भावाचे धरले होते, त्यामुळे हे सांगताना मला जड गेलं. उरलेल्या नऊंत एक पाचव्या जॉर्जचा १९११ चा होता. राजाच्या अंगावरच्या हाराच्या नक्षीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली म्हणून तो रुपया मागे घेतला गेला आणि १९१२ पासून नक्षी बदलली. मी मामांच्या हातात भिंग दिलं, हत्ती दाखवला आणि म्हटलं, "हा मोडीत घालू नका. बाकीचे द्या, हा ठेवा." त्यांनी तोही दिला, फीला कमी पडत होते. मग त्याचा भाव वेगळा लावला, चांदीच्या कितीतरी वर. अडलेल्या माणसाकडून घेताना नाणं काय आहे ते आधी सांगायचं, मग भाव बोलायचा. गाव लहान आहे, तेच मामा पुढे आणखी चार घरं घेऊन आले.

मोडीतल्या ढिगातही बघत चला. १८६२ हेच साल घालून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले आणि वेगवेगळे ठसे ओळखायला बारीक ठिपके आहेत. चांदी चढली की असे रुपये सराफाच्या मुशीत जातात, आणि त्याबरोबर क्वचितच सापडणारे ठिपक्यांचे प्रकारही वितळतात. मंदीतला सगळ्यात उपयोगी अभ्यास म्हणजे हे ठिपके मोजणं. त्याला भांडवल लागत नाही, दहापट भिंग पुरतं.

आता टेबलाचं. पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पोचायचं, हैदराबादही आपल्याला सोयीचं. भाडं, टेबलाचे पैसे, राहणं धरून खर्च लिहून ठेवा. तेजीत तो पहिल्या दिवशी निघतो, मंदीत दोन दिवस भवानीची वाट बघायला लागते. जुने व्यापारी चिठ्ठीवरचा भाव खाली करत नाहीत, कारण माल त्यांनी तेजीत घेतलेला असतो. पण अदलाबदलीला तयार होतात. माझ्या दहा शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, देऊन मी एक स्वच्छ, पूर्ण अक्षरांची दुदांडी, म्हणजे दोन रेघांची शिवराई, घेतली आणि एक रुपयाही हलला नाही. उधारी मात्र टाळा. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या, तेव्हा "पुढच्या प्रदर्शनात देतो" म्हणणाऱ्यांकडे माझे पैसे अडकले. काही अजून यायचे आहेत.

चूक सांगतो. पहिल्याच वर्षी मी सगळं भांडवल मधल्या मालात घातलं. मंदी आली तेव्हा अल्बम भरलेले आणि गल्ला रिकामा. समोर कोणी सुंदर आदिलशाही लारी, म्हणजे चांदीच्या तारेचं नाणं, घेऊन आला तरी हात पुढे करता येईना. आता निम्मी रक्कम रोख ठेवतो.

काम सुटलेली माणसं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन येतात, फोनवर कोणीतरी लाखांचा भाव सांगितलेला असतो आणि आधी नोंदणीचे पैसे मागितलेले असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नावावर चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं. अशा माणसांना बसवा, चहा द्या, पैसे भरू नका म्हणून सांगा. आणि शेतात सापडलेली, माती लागलेली नाणी कोणी आणली तर हात लावू नका. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसं त्या माणसालाही सांगा.

खरेदी शेवटच्या दिवशी चारनंतर करा. टेबलं आवरायला लागलेली असतात, परतीच्या गाडीची वेळ झालेली असते, आणि सकाळी "एक पैसा कमी नाही" म्हणणारा माणूस तुमच्याकडे बघून स्वतःच डबी पुन्हा उघडतो.