एसक्यूलाइटची क्वेरी चुकीचं उत्तर देते तेव्हा

एसक्यूलाइट ही ॲपच्या आतच चालणारी डेटाबेस लायब्ररी. तिला विचारलेली क्वेरी (डेटा मागणारी आज्ञा) चालते, एररही येत नाही, पण उत्तर चुकतं. अशा वेळी लगेच क्वेरी बदलू नका. ॲप बंद करून डेटाबेसची प्रत घ्या. शेजारी ‘वाल’ फाइल (नावाच्या शेवटी -wal असलेली) उरली असेल तर तीही सोबत घ्या, कारण ताज्या नोंदी तिच्यातच असू शकतात.

प्रतीवर काम करताना क्वेरी लहान करत जा. जॉइन (टेबलांची जोडणी) काढा, अटी एकेक करून काढा आणि कोणती अट काढल्यावर उत्तर बदलतं ते बघा.

त्या अटीतल्या कॉलमवर ‘टाइपऑफ’ हे फंक्शन चालवा, ते साठवलेल्या किमतीचा प्रकार सांगतं. माझ्या मते सगळ्यात जास्त उलगडा इथेच होतो. एसक्यूलाइटमध्ये इंटिजर (पूर्णांक) म्हणून जाहीर केलेल्या कॉलमातही मजकूर बसू शकतो. कुणी देवनागरीत ‘१००’ टाइप केलं, तर ते मजकूर म्हणूनच साठतं. मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे ‘रक्कम 500 पेक्षा जास्त’ या अटीत ती शंभराची नोंदही येते आणि बेरजेत मात्र तिची किंमत शून्य होते! नवीन टेबल ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे कॉलमचा प्रकार सक्तीने पाळणारं, करा. 2021 च्या 3.37 आवृत्तीपासून ही सोय आहे आणि अशी नोंद तिथे आत जातच नाही.

मराठी मजकूर शोधताना आणखी एक अडचण येते. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एसक्यूलाइट बाइट जुळवते, म्हणून एक शोधला की दुसरा सापडत नाही. बाइट दाखवणाऱ्या ‘हेक्स’ फंक्शनने दोन्ही नोंदी छापून बघा. मग साठवतानाच एक रूप ठरवून घ्या.

ओळी अजिबातच येत नसतील तर ‘नॉट इन’ (‘या यादीत नसलेले’) ही अट तपासा. आतल्या यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला तरी सगळा निकाल रिकामा होतो. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा.

एवढ्यानंतरही गोंधळ उरला, तर टेबलाच्या नावानंतर ‘नॉट इंडेक्स्ड’ लिहून तीच क्वेरी चालवा. उत्तर बदललं तर इंडेक्सवर (ओळी पटकन शोधायच्या सूचीवर) संशय घ्या. डेटाबेस तपासणारी ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ ही आज्ञा चालवा. फक्त इंडेक्स बिघडला असेल तर ‘रीइंडेक्स’ने काम होतं. टेबलच खराब असेल तर बॅकअपकडे वळा.

तपासणी स्वच्छ निघाली, तर खुद्द एसक्यूलाइट लायब्ररीतली चूक समजायला जागा आहे. चार ओळींचं टेबल आणि एक क्वेरी एवढ्यात ती पुन्हा घडवून दाखवा, ताज्या आवृत्तीवरही बघा. कळवताना ‘एसक्यूलाइट_व्हर्जन’ या फंक्शनचं उत्तर ॲपच्या आतूनच घ्या, कारण ॲपमधली आवृत्ती आणि टर्मिनलमधली आवृत्ती अनेकदा वेगळी असते.