ग्रंथालय दाखवलं, तरी मुलं शोधत का नाहीत? या चुका टाळा

कॉलेजात प्रवेश संपले की नव्या मुलांची रांग ग्रंथालयातून फिरवली जाते. हा देवघेव कक्ष, हा संदर्भ विभाग, हे ओपॅक, म्हणजे पुस्तकांची संगणकावरची सूची. सह्या करा, फोटो काढा, झालं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत पुरावा लागतो. दिवाळीनंतर तीच मुलं प्रकल्पात गुगलच्या पहिल्या निकालातला मजकूर जसाच्या तसा उतरवून आणतात. यात मुलांचा दोष कमी आहे. हातात प्रश्नच नव्हता, तेव्हा उत्तर कुठे सापडतं हे ऐकून काय उपयोग?

म्हणून ग्रंथपालांनो, पहिला बदल वेळापत्रकातच करा. शिक्षकांनी प्रकल्पाचे विषय दिले की त्याच आठवड्यात शोध शिकवण्याच्या सत्रासाठी एक तासिका मागून घ्या. शिक्षक स्वतः हजर हवेत. ते नसले की मुलं त्या तासाला ऐच्छिक समजतात.

बटणं शिकवता, शोध नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. अर्धा तास लॉगिन आणि मेनू दाखवण्यात जातो. मग मूल शोधगंगेत, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, ‘मराठवाड्यातील दुष्काळाचा शेतकरी कुटुंबांवर झालेला परिणाम’ असं अख्खं वाक्य टाकतं, हाती काही लागत नाही आणि ‘यावर संशोधनच झालेलं नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळं होतं.

आधी फळ्यावर वाक्य फोडा: दुष्काळ, शेतकरी कुटुंब, मराठवाडा. प्रत्येकाखाली पर्यायी शब्द लिहायला लावा. दुष्काळाखाली अवर्षण, टंचाई, ड्रॉट. मराठवाड्याखाली बीड, लातूर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगरही, कारण जुन्या प्रबंधांत जुनंच नाव असणार. मग दोन-दोन शब्दांच्या जोड्या करून शोधा.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या सत्रांत कधी येत नाही. शीर्षकाची नोंद कधी देवनागरीत असते, कधी रोमन लिपीत. दोन्ही करून पाहायला सांगा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला किंवा नुसता स्कॅन केलेला प्रबंध आतल्या शब्दांवरून सापडत नाही. तिथे अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचावं लागतं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं साहित्य शोधताना अनुस्वारही आठवा: ‘नाव’ आणि ‘नांव’ हे यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात.

‘घरून उघडत नाही’

ही तक्रार आली की आधी विचारा, कुठल्या लॉगिनने? विद्यापीठाने वर्गणी भरून घेतलेली संशोधन नियतकालिकं अनेकदा फक्त आवारातल्या नेटवर्कवर उघडतात. बाहेरून वापरायची सोय वेगळी असते. एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी सेवा) घेणाऱ्या महाविद्यालयात प्रत्येकाला स्वतंत्र खातं लागतं. ते सत्रातच उघडून द्या, ‘नंतर अर्ज करा’ म्हणालात की संपलं. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेखाली सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना मिळू लागली आहेत. आपली संस्था त्यात बसते का, हे आधी तपासा आणि मगच जाहीर करा.

जुनीच पीपीटी

‘नियतकालिक यूजीसी-केअरच्या यादीत आहे का बघा’ ही स्लाइड अजून असेल तर काढा. विश्वासार्ह नियतकालिकांची ती यादी बंद केल्याचं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. आता संपादक मंडळ कोण, लेखांचं परीक्षण कसं होतं, शुल्क किती, हे मुलांनी स्वतः पाहायचं. त्यासाठी एक खरं आणि एक संशयास्पद संकेतस्थळ शेजारी शेजारी उघडून दाखवा.

दहा टक्क्यांचा जप

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मुलं यातून शिकतात ती शब्द उलटेपालटे करून आकडा खाली आणायची युक्ती. एकच उतारा द्या आणि त्याचं अवतरण, सारांश आणि चोरी अशी तिन्ही रूपं लिहून घ्या. संदर्भ न देता केलेला सारांशही चोरीच, हे मुलांना तिथे पहिल्यांदा कळतं.

एआयवर नुसती बंदी

बंदी कुणी पाळत नाही. चॅटबॉटकडून विषयावरचे पाच संदर्भ मागवा आणि प्रत्येकाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडायला लावा. काही उघडणारच नाहीत, काही भलत्याच लेखावर नेतील. असा संदर्भ हाती लागला तर लेखाचं शीर्षक आणि नियतकालिकाचा तो अंक वेगवेगळा शोधायचा. दोन्हीकडे नसेल तर लेख अस्तित्वातच नाही असं धरायचं.

राहिला प्रश्न सत्र जमलं की नाही हे कळण्याचा. सह्यांवरून ते कळत नाही आणि ‘सत्र आवडले का’ या फॉर्मवरूनही नाही. प्रकल्पासोबत एक पानी शोधनोंद मागा: कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय टाकून दिलं आणि का. तिला पाच गुण ठेवायला शिक्षकांना राजी करा. गुण नसतील तर नोंद सादरीकरणाच्या आदल्या रात्री रचली जाते.