मंदीत छोटा धंदा: येणी, देणी आणि मधले दिवस

बिल कसं करायचं, हिशेब कसा ठेवायचा, कर कधी भरायचा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय. बाजार थंडावला की खर्च कमी करा, हेही सगळेच सांगतात. मला सांगायचंय ते मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल. तिने माझी झोप उडवली होती, आणि आजही महिनाअखेर जवळ आली की पोटात गोळा येतो.

ती गोष्ट म्हणजे लांब उधारीवर मिळालेली मोठी ऑर्डर.

मंदीत आधी रोखीचं गिऱ्हाईक आटतं. रोज थोडाथोडा येणारा पैसा कमी होतो आणि जीव कासावीस होतो. नेमक्या अशा वेळी एखादा मोठा खरेदीदार येतो. दर महिन्याला ठरलेला माल उचलणार, भावही बरा देणार, फक्त पैसे 90 दिवसांनी. आपल्याला वाटतं, सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं.

आता आकडे मांडून बघा. महिन्याला शंभराचा माल द्यायचा. कच्चा माल, मजुरी, वाहतूक धरून तो तयार करायला 75 लागतात, म्हणजे 25 नफा. चांगलाच आहे. पहिल्या महिन्यात 75 घातले, महिनाअखेरीला माल पोचवला, बिल दिलं. दुसऱ्या महिन्यात आणखी 75. तिसऱ्यात 75, चौथ्यात 75. चौथा महिना संपताना पहिल्या बिलाचे 100 यायचे असतात. तोवर तुमच्या खिशातून 300 गेलेले असतात, आणि वहीत मात्र 100 नफा दिसत असतो. वही खोटं बोलत नाही. पण मजुरी वहीतल्या नफ्यातून देता येत नाही, घरमालक वहीतला नफा भाडं म्हणून घेत नाही.

आणि हे सगळं वेळेवर घडलं तर. खरेदीदाराने फक्त एक महिना उशीर केला की 300 चे 375 होतात. मंदीत तो उशीर करतोच. बँकांनी हात आखडता घेतला की मोठ्या कंपन्या स्वतःची रोकड धरून ठेवतात, आणि त्यांना सगळ्यांत स्वस्त पडणारं कर्ज म्हणजे छोट्या पुरवठादाराचं थकवलेलं बिल. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक कोसळल्यावर पतपुरवठा आटला, तेव्हाही त्याची झळ अशीच खालपर्यंत पोचली. आता तो खरेदीदारच बुडाला असं धरा. तुमचे 300 गेले. एका ऑर्डरमागे 25 सुटतात, म्हणजे ते भरून काढायला तशाच बारा ऑर्डरी कराव्या लागतील, आणि त्यांचे पैसे वेळेवर यावे लागतील.

अमेरिकेतल्या जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने 2016 साली सुमारे 6 लाख छोट्या व्यवसायांची बँकखाती तपासली होती. आवक पूर्ण थांबली तर निम्म्या व्यवसायांकडे 27 दिवसही पुरतील एवढे पैसे नव्हते. 27 दिवसांची शिदोरी घेऊन 90 दिवसांची उधारी द्यायची, हे गणित कुठेच बसत नाही.

म्हणजे मोठी ऑर्डर घेऊच नका असं नाही. थोडा आगाऊ पैसा मागा. निदान कच्च्या मालापुरता तरी मागाच. पहिल्या बिलाचे पैसे आल्याशिवाय तिसऱ्या खेपेचा माल सोडणार नाही, हे आधी बोलून घ्या, कागदावर घ्या. खरेदीदार याला तयार नसेल तर माल निम्माच कबूल करा. मागायला संकोच वाटतो, ऑर्डर जाईल अशी भीती वाटते, ते मला कळतं. पण आगाऊ मागितल्यावर जो रागावून निघून जातो, त्याच्याकडून वसुली करताना काय झालं असतं याचा विचार करा.

यावर उपाय म्हणून मी एकच कागद सांगेन: पुढच्या 13 आठवड्यांचा रोकडीचा तक्ता. दर आठवड्याला एक रकाना. वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणारे पैसे, त्याखाली जाणारे, शेवटी उरलेली शिल्लक. यात एकच मेख आहे. येणारा पैसा बिलावरच्या तारखेला लिहायचा नाही, ते गिऱ्हाईक एरवी ज्या दिवशी खरोखर देतं त्या दिवशी लिहायचा. बिलावर 30 दिवस असतील आणि तो नेहमी पन्नासाव्या दिवशी देत असेल, तर पन्नासावाच दिवस. गिऱ्हाइकाकडून गोळा केलेला कर त्यात आपला म्हणून धरायचा नाही, तो वेगळ्या खात्यात. पहिल्यांदा तक्ता भरला की बहुतेकांना सातव्या-आठव्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली गेलेली दिसते. घाबरू नका. आज दिसलं म्हणजे हातात सात आठवडे आहेत. तेवढ्यात वसुली करता येते, पडून राहिलेला माल मिळेल त्या भावाला काढता येतो, घरमालकाशी आणि पुरवठादाराशी बोलता येतं.

बोलायचं ते हप्ता चुकण्याआधी. चुकल्यावर नाही. ‘पुढच्या महिन्यात निम्मे देईन, उरलेले तीन भागांत’ असं तारखा सांगून बोललेल्या माणसाला सहसा मुदत मिळते. फोन उचलायचं बंद केलं की पत गेली, आणि गेलेली पत परत यायला फार वेळ लागतो.

भाव पाडण्याबद्दल माझं मत कडक आहे: करू नका. शंभराला विकून 30 सुटत असतील आणि तुम्ही 10 टक्के सूट दिली, तर सुटतात 20. पूर्वीइतकीच कमाई व्हायला विक्री दीडपट व्हायला हवी. मंदीत दीडपट? उलट 5 टक्के भाव वाढवला तर विक्री साधारण 14 टक्क्यांनी घटली तरी कमाई तेवढीच राहते. सूट द्यायचीच असेल तर पडून राहिलेल्या मालावर द्या, किंवा लवकर पैसे देणाऱ्याला द्या.

झटपट कर्जाचा मोह या काळात सगळ्यांनाच होतो. ‘महिना फक्त 3 टक्के’ म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांहून जास्त. ‘सरसकट 10 टक्के’ सांगून बारा सारखे हप्ते लावले असतील, तर खरा दर 18 टक्क्यांच्या आसपास जातो, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजलेलं असतं. मशिन घ्यायला किंवा हमखास वसूल होणाऱ्या बिलापोटी कर्ज घ्या. तोटा भरायला घेऊ नका. आणि राहतं घर तारण टाकू नका. कितीही कोंडी झाली तरी नको. धंदा पुन्हा उभा करता येतो, घरच्यांना मात्र डोक्यावर छप्पर आजच लागतं.

सल्ला कुणाचा घ्यावा? व्यासपीठावरून ‘मंदी हीच संधी’ सांगणाऱ्यांचा मी घेत नाही. ज्याने एक धंदा बंद केला, सगळ्यांची देणी फेडली आणि दुसरा सुरू केला, असा माणूस शोधा. तो तुम्हाला पहिल्याच भेटीत विचारेल की सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक एकूण विक्रीच्या किती टक्के आहे. उत्तर 40 च्या वर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा. हिशेबनीसालाही वर्षअखेरीला नाही, दर महिन्याला भेटा.

खर्च कापताना गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी तुमच्याकडे येतं, ती कापू नका. हातातलं काम जाणणारा माणूस गेला की परत मिळत नाही. त्यामुळे आधी स्वतःचा पगार, मग जागा, मग बाकीचं. पगार कमी करावाच लागला तर सगळ्यांना एकत्र बसवून तक्ता दाखवा. मी दाखवला होता. माणसं समजूतदार असतात, लपवाछपवीने मात्र बिथरतात.

आणि तक्ता सलग तीन महिने सुधारलाच नाही, वसुली करूनही, भाव राखूनही, तर धंदा बंद करण्याचा विचार उघडपणे करा. देणी फेडण्याइतकी रोकड हातात असताना बंद केलेला धंदा आणि पार नाकातोंडात पाणी गेल्यावर बंद पडलेला धंदा यांत फार फरक आहे. पहिल्यात तुमच्या माणसांचा पगार निघतो, पुरवठादार पुढच्या वेळी पुन्हा माल देतो, घरी शांतपणे जेवता येतं. हा निर्णय एकट्याने करू नका. घरच्यांसमोर तेच आकडे ठेवा, आणि मग या आठवड्यात कुणाला पहिला फोन करायचा ते ठरवा.