लढाईच्या चित्रातली रेघ कशी बघायची

फ्रेंच कोरक जेरार ओद्रांचं १६७२ सालचं छापचित्र ‘ग्रॅनिकसची लढाई’ (अलेक्झांडरची इराणी सैन्याशी झालेली लढाई) पडद्यावर होईल तेवढं मोठं करून उघडा. शार्ल ल ब्रँच्या तैलचित्रावरून त्यानं ते तांब्यात कोरलं. लगेच अलेक्झांडर शोधू नका. डोळे किलकिले करून नुसते काळोखाचे आणि उजेडाचे पट्टे बघा; गर्दीतली वाट तिथे सापडते.

मग एखाद्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर या. इथे मी विद्यार्थ्यांना बराच वेळ थांबवते. रेघा गोलाईला धरून वळतात, सावलीत जाड होतात, उजेडाकडे बारीक होत विरतात. कोरणी तांब्यात जितकी खोल, तितकी रेघ जाड. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हाताचा दाब आपल्याला अजून दिसतो! स्नायू ताणलेला वाटतो तो त्यामुळेच. गडद जागी रेघांवर दुसऱ्या रेघा तिरक्या चढतात.

ओद्रां आम्लानं तांबं खाऊन उमटलेली मोकळी रेघ आणि कोरणीची तुळतुळीत रेघ एकत्र वापरायचा. भिंगातून दोन्ही ओळखा.

आता ट्रेसिंग पेपरवर भाले, तलवारी, घोड्यांच्या माना यांच्या फक्त दिशा ओढा. सगळा आवेश त्या तिरप्या रेघांत आहे.

पुढचा सराव ओद्रांच्याच दुसऱ्या छापचित्रावर करा: झेलमकाठी अलेक्झांडरकडून हरलेला राजा पोरस. जखमी राजाला उचलून आणतात, तिथे रेघांचा वेग कुठे मंदावतो ते बघा.