घरातल्या उंदरांचा बंदोबस्त: आधी फटी, मग चाप

सोयाबीनची पोती घरात आली आणि भाव वाढेल म्हणून खोलीत कापूस भरून ठेवला, की उंदरांची चंगळ होते. खायला दाणा आणि घरट्याला कापूस, दोन्ही एकाच छपराखाली. मादी 19 ते 21 दिवसांत व्यायते, एका वेळी पाच-सहा पिल्लं देते. त्यामुळे पहिली लेंडी दिसली त्याच दिवशी कामाला लागा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी आणि टोकदार असेल तर तो घरातला लहान उंदीर. बरीच मोठी असेल तर मोठा उंदीर किंवा घूस, त्यांना खाली सांगितलेले छोटे चाप, म्हणजे स्प्रिंगचे सापळे, पुरत नाहीत.

खरं काम फटी बुजवण्याचं आहे. शिसपेन्सिल शिरेल एवढ्या, म्हणजे 6 मिलिमीटरच्या फटीतूनही उंदीर आत येतो. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका. भिंत आणि कवेलू यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बारीक तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट लावा. नुसती माती लिंपली तर तो रात्रीतून उकरतो. ओलं सिमेंटही उकरतो, म्हणून आत जाळी हवीच. पोती जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब रचा. मग मांजरालाही मागे शिरता येतं. कुटार आणि पऱ्हाटीचा ढीग भिंतीला टेकवू नका.

चाप एक-दोन नको, एका खोलीत सहा-आठ, एकाच रात्री लावा. उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढंच, शेंगदाण्याचा कूट गुळात मळून घट्ट चिकटवा. जास्त लावलं तर तो चाप न उडवता कडेकडेनं खाऊन जातो. उंदीर घरट्यापासून फार लांब फिरत नाही, म्हणून दोन-तीन रात्रीत काही सापडलं नाही तर चापाची जागा बदला.

औषध शेवटी. ब्रोमाडिओलोनची वडी कोंबड्या, कुत्री आणि लेकरं पोचणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवा. उंदीर काही दिवसांनी मरतो, बहुतेकदा भिंतीत, आणि वास सुटतो. झिंक फॉस्फाइड हे दुसरं औषध थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच वापरू नका, त्यांच्या वायूनं झोपलेली माणसं मरतात.

लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा. मग भिंतीच्या कडेनं राखडीचा पातळ पट्टा पसरा. सलग आठवडाभर त्यावर पाऊल उमटलं नाही तरच चाप उचला.