मध्यस्थीने फारकत घेताय? कागदावरच्या या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नवरा-बायकोचा वाद आधी भाऊबंदांच्या बैठकीत जातो, मग वकिलाकडे, आणि कोर्टाने पाठवलं तर मध्यस्थाकडे. तोवर दोन्हीकडून चार-चार केसेस झालेल्या असतात. खरं तर केस टाकण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करून समेटाचा प्रयत्न करता येतो. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. मारहाण चालू असेल तर मात्र आधी संरक्षणाचा आदेश घ्यावा, बोलणी नंतर.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी ही सगळ्यात महाग पडणारी चूक. पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का असला तरी हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न त्या कागदाने मोडत नाही. समाजात तशी रूढी आहे म्हणणाऱ्याला ती कोर्टात सिद्ध करावी लागते. नाही झाली तर दुसरं लग्न बेकायदा ठरतं आणि गुन्हाही होतो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांचं वेगळं आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी चालते. तरी देज (नवऱ्याकडून मुलीच्या घरच्यांना दिलेली रक्कम) परत केल्याचा कागद तारखेसह आणि पंचांच्या सह्यांसह ठेवावाच.

मध्यस्थाच्या खोलीत मामा-काकांची फौज नेऊ नका. मध्यस्थ दोघांशी वेगवेगळंही बोलतो. तिथे सांगितलेलं तो परवानगीशिवाय समोरच्याला सांगत नाही, आणि कोर्टाला फक्त समेट झाला की नाही एवढंच कळवतो. मोबाईलवर चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्याचा फायदा काही होत नाही, बोलणी मात्र फिसकटतात.

आता पैसे. बहुतेक तडजोडी इथेच मोडतात. परस्पर संमतीच्या घटस्फोटात हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून पूर्ण रक्कम पहिल्याच तारखेला देऊ नये, आणि बाईनेही सगळी रक्कम शेवटावर सोडू नये. दहा लाख ठरले असतील तर तीन अर्ज दाखल करताना, चार दुसऱ्या जबाबाच्या दिवशी (कोर्ट तेव्हा दोघांची संमती पुन्हा विचारतं), उरलेले तीन फौजदारी गुन्हा रद्द झाल्यावर. आणि सगळे डीडी किंवा आरटीजीएसने. ‘कापूस विकला की देतो’ हे कलम नव्हे. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येत असेल तर ३१ जानेवारी लिहा. केळीवाल्याने आणखी महिनाभर जास्त धरावा; वादळ आणि पडलेला भाव दोन्ही त्याच्या हातात नसतात.

फौजदारी गुन्ह्याचं बरेच जण विसरतात. बायकोच्या छळाचं कलम ४९८अ (१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तालुक्याच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अर्ज आणि बायकोचं शपथपत्र लागतं. ते ती कधी देणार, वकिलाचा आणि जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, हे करारात हवं.

परस्पर संमतीच्या पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या जबाबापर्यंत थांबायचे सहा महिने टळतात का? २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार टळू शकतात. पण अर्जाआधी दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं आणि पोटगी, मुलं यांचं सगळं ठरलेलं हवं.

शेती द्यायची ठरली तर आधी सातबारा पाहा. सामाईक गटात भावांची नावं असतील तर नवरा फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतो. दाव्यात नसलेली जमीन तडजोडीत आली तर नोंदणी करावी लागते, त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार. स्त्रीधनाची यादी ‘सर्व दागिने’ अशी नको. मंगळपोत, बांगड्या, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, आणि देवाणघेवाण मध्यस्थासमोर.

मुलांच्या भेटीत ‘सणासुदीला’ हा शब्द भांडणाचं मूळ. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई लेकरांना घेऊन माहेरी असणार आणि बापालाही तोच दिवस हवा असणार. म्हणून आखाजी, श्रावणातला कानबाईचा सण, दिवाळी, उन्हाळी सुट्टी यांची वाटणी वर्षाआड, वेळ आणि ठिकाण घालून लिहा. ‘मुलाच्या पोटगीचा हक्क सोडला’ असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क जात नाही, आणि ताब्याचा प्रश्न कोर्ट पुढे मुलाच्या हितासाठी बदलू शकतं.

सही करण्याआधी चालू असलेल्या सगळ्या केसेसचे क्रमांक करारात घाला. अमळनेरची पोटगी, शिरपूरचा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, जळगावचा नांदायला येण्याचा दावा: यातला एक जरी राहिला तर घटस्फोट होऊन वर्ष झाल्यावरही थकलेल्या पोटगीचं वॉरंट घेऊन पोलीस दारात येऊ शकतात.