आडनाव विचारलं त्या दुपारची कविता कशी लिहायची

नागपुरात किरायाची खोली शोधणाऱ्या कितीतरी पोरांना नावाआधी आडनाव सांगावं लागतं. माझ्याकडे कविता दाखवायला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यावरच लिहिलं होतं. पहिली ओळ होती, ‘जातीच्या भिंतींनो, कधी कोसळाल तुम्ही?’ चीड खरी होती, पण ओळ कुणाचीही असू शकली असती. म्हटलं, कागद ठेव बाजूला, काय झालं ते सांग.

मे महिन्यातली दुपार. मालकीणबाई पाण्याचा गिलास घेऊन आल्या. आधी गाव विचारलं, मग आडनाव. गिलास त्यांच्याच हातात राहिला. ‘खोली तर कालच दिली जी.’ गेटवर पाटी तशीच लटकत होती : खोली किरायाने देणे आहे.

घडेल त्याच रात्री असं सगळं लिहून काढा. बोलणं जसंच्या तसं घ्या, पुस्तकी करू नका. बाईंचा आवाज नरम होता, तेच तर बोचतं. मग वेदना, आक्रोश, व्यवस्था हे शब्द हुडकून खोडा आणि तिथे डोळ्यांना दिसलेली वस्तू ठेवा. त्याने पुढच्या खेपेला आणलं :

गिलासात पाणी होतं,
आडनाव सांगेपर्यंत माझं होतं.

यमकामागे एवढ्यात लागू नका. ‘नकार’ला जुळतो म्हणून ‘अंधार’ येऊन बसतो, आणि बाहेर तर ऊन रणरणत होतं. गझलच लिहायची असेल तर सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ आधी नीट अभ्यासा. बोलीत लिहायला कचरत असाल तर नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ वाचा. मुंबईतल्या गोलपिठा या वेश्यावस्तीतली भाषा त्यांनी १९७२ मध्येच न गाळता कवितेत आणली. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथले छोटे कवितासंग्रहही चाळा.

आणि तुम्ही त्या गेटच्या आतले असाल तर? तर त्या पोराचा ‘मी’ उसना घेऊ नका. त्याचं दुःख तुम्ही कितीही सुंदर लिहिलंत, तरी ते तुमच्यावर बेतलेलं नाही. आई आत येऊन काय म्हणाली, गिलासातलं पाणी कुठे ओतलं, तेव्हा तुम्ही सोफ्यावर बसून काय करत होता, ते लिहा. आईवर जीव आहे, तोही येऊ द्या. तो लपवलात तर कविता खोटी पडेल. ही कविता जास्त अवघड. माझ्याकडे ती फार कमी येते, आणि मी तिची मनापासून वाट बघते.

लिहून झालं की उभं राहून मोठ्याने वाचा. जिथे आवाज भाषणासारखा चढतो, ती ओळ बहुतेक काढावी लागते. प्रसंग दुसऱ्याचा असेल तर मंचावर जाण्याआधी त्याला ऐकवा. तो नको म्हणाला, तर कविता वहीतच ठेवा.